मधुमेही व्यक्तींच्या पायांतील गुंतागुंत : जोखीम घटकांचे विवेचन
(बारामती–इंदापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

टाइप दोन मधुमेहात पाय गमावण्याची वेळ एकाएकी येत नाही. नसांची संवेदना हळूहळू जाते, पावलाचा आकार बदलतो, रक्तपुरवठा मंदावतो आणि अशा पायाला एखादी क्षुल्लक इजा होते. ती दुखत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. या साखळीतील बहुतेक कड्या वेळीच ओळखता येतात. प्रस्तुत लेखात या जोखीम घटकांचे स्वरूप स्पष्ट केले असून, बागायती ऊस पट्ट्यातील श्रमपद्धती, पादत्राणांच्या सवयी, घरगुती उपचार आणि पायी वारी यांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे. साखरेच्या आकड्याइतकेच उघड्या पावलाच्या नियमित तपासणीला महत्त्व आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

बीजशब्द : टाइप दोन मधुमेह, नसांचा विकार, पायाची जखम, जोखीम घटक, स्पर्श-चाचणी, ग्रामीण आरोग्य.

प्रस्तावना

बारामती–नीरा मार्गावरील पणदरे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कालव्याचे पाणी आले आणि एकेकाळच्या अवर्षणग्रस्त मुलखाचे रूप पालटू लागले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून सहकारी साखर कारखाने आले. पुढे दुग्धव्यवसाय आणि औद्योगिक वसाहती यांनी येथील अर्थकारणाला नवी जोड दिली. बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांच्या बागायती भागात ही प्रक्रिया कमी-अधिक फरकाने घडली. समृद्धीबरोबर आहार बदलला, बैलाची जागा ट्रॅक्टरने व पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली. एकेकाळी शहरी व सुखवस्तू वर्गाचा समजला जाणारा मधुमेह या गावांच्या वेशीच्या आत येऊन स्थिरावला.

या बदलाचे प्रमाण आकडेवारीतून दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते. शहरी भागात ते १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले. याच अभ्यासाचे संपूर्ण देशाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे आणि प्रौढांतील प्रमाण ११.४ टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचे स्पष्ट झाले. ग्रामीण भारतातील प्रमाण ८.९ टक्के होते.

ग्रामीण भागात या रोगाची शंका उशिरा येण्याचे एक कारण म्हणजे ‘मधुमेह लठ्ठ माणसाला होतो’ हा समज. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये मातांच्या पोषणाचा जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्यातून या समजाला छेद मिळाला. वजनाने कमी भरणाऱ्या भारतीय अर्भकांच्याही शरीरात स्नायूंच्या तुलनेत चरबीचे प्रमाण अधिक असते, हे त्यात दिसून आले. दिसायला सडपातळ असलेली व्यक्तीही आतून ‘चरबीयुक्त’ असू शकते आणि तिला मधुमेहाचा धोका असतो. राबत्या शरीराच्या, काटक शेतकऱ्याचा मधुमेह म्हणूनच अनेकदा पायाच्या न भरणाऱ्या जखमेच्या निमित्ताने प्रथम उघडकीस येतो.

लेखाची उद्दिष्टे

१. मधुमेहातील पायाच्या गुंतागुंतीमागील शारीरिक कारणे स्पष्ट करणे.
२. बारामती–इंदापूर परिसरातील जीवनपद्धतीशी निगडित जोखीम घटकांचा परामर्श घेणे.
३. जोखीम ओळखण्याच्या सोप्या पद्धतींचा परिचय करून देणे.
४. प्रतिबंधाच्या दृष्टीने आरोग्ययंत्रणा व महाविद्यालये यांच्या भूमिकेचा विचार करणे.

प्रश्नाचे स्वरूप

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायात नसांच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे निर्माण होणारी जखम, जंतुसंसर्ग वा ऊतींचा नाश या सर्वांचा समावेश ‘मधुमेही पाऊल’ या संकल्पनेत होतो. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय साहित्यातील अंदाजानुसार मधुमेही व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी पायाची अशी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते. जखम एकदा भरून आली म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के जणांना एका वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. मधुमेहींमधील पाय कापण्याच्या दर दहा शस्त्रक्रियांपैकी आठांहून अधिक शस्त्रक्रियांच्या आधी अशी जखम झालेली असते, ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. जखम टळली तर बहुतांशी पाय वाचतो, असा याचा सरळ अर्थ होतो.

मूलभूत जोखीम घटक

१. संवेदनेचा ऱ्हास

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास नसांना इजा पोहोचते. शरीरातील सर्वांत लांब नसा पावलांपर्यंत जातात, म्हणून हा विकार बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन वर सरकतो. त्याचे तीन प्रकारचे परिणाम होतात. संवेदी नसा दुबळ्या झाल्या की वेदना, उष्णता व स्पर्श कळेनासा होतो. स्नायूंना चालना देणाऱ्या नसा बाधित झाल्या की पावलातील लहान स्नायू क्षीण होतात, बोटे पंजासारखी आखडतात आणि चवड्याखालील हाडांच्या टोकांवर जादा भार येतो. घाम नियंत्रित करणाऱ्या स्वायत्त नसा निकामी झाल्या की त्वचा कोरडी पडते व टाचांना भेगा पडतात.

प्रारंभी पायांना मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे, कापसावर चालल्यासारखे वाटणे अशा तक्रारी असतात. त्या पुढे आपोआप कमी झाल्या तर रुग्णाला बरे वाटल्याचा भास होतो. वस्तुतः काही रुग्णांत आग थांबणे हे नस पूर्ण बधिर झाल्याचे लक्षण असते. अनेकांना तर सुरुवातीची कोणतीही तक्रार नसते. काही व्यक्तींमध्ये मधुमेहाचे निदान होते त्या दिवशीच नसांचा विकार अस्तित्वात असतो.

बधिर पायाचे शास्त्र भारतात प्रथम विकसित झाले ते मधुमेहाच्या नव्हे, तर कुष्ठरोगाच्या निमित्ताने. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रुजू झाले. कुष्ठरुग्णांची बोटे व पावले रोगामुळे ‘झडून’ जातात, अशी तोवरची समजूत होती. वेदना नसल्यामुळे रुग्ण स्वतःला वारंवार इजा करून घेतो आणि ती इजाच अवयवाचा नाश करते, हे ब्रँड यांच्या निरीक्षणातून पुढे आले. जखमेवरचा भार काढून घेतला तर बधिर पायाची जखमही भरते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी वापरलेला पायाला घट्ट बसणारा प्लास्टरचा साचा आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल ही दोन्ही साधने पुढे मधुमेही पायाच्या उपचारात आली. आनंदवनासारख्या संस्थांमुळे कुष्ठरोगाचा विषय महाराष्ट्राच्या सामाजिक जाणिवेत खोलवर रुजला आहे. मात्र त्यातून मिळालेला वैद्यकीय धडा मधुमेहाच्या बाबतीत अद्याप तितकासा रुजलेला नाही. वेदना ही शरीराची राखणदार आहे आणि ती गेली की राखणीचे काम डोळ्यांनी करावे लागते, असा तो धडा आहे.

२. पावलाची विकृती व दाब

आखडलेली बोटे, अंगठ्याच्या मुळाशी वाढलेले हाड, चवड्याखालचे घट्टे आणि कुरूप ही सर्व वाढीव दाबाची चिन्हे होत. घट्टा म्हणजे केवळ जाड झालेली कातडी असे समजले जाते. पण बधिर पायात घट्टा हा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा काम करतो. त्याच्या खालच्या मऊ भागात रक्त साकळते, पोकळी निर्माण होते आणि वरून काहीच दिसत नसताना आत जखम तयार होते. भारतीय रुग्णांमध्ये आणखी एक जागा लक्षात घ्यावी लागते. जमिनीवर मांडी घालून बसण्याच्या सवयीमुळे घोट्याच्या बाहेरील हाडावर दाब पडून तेथेही घट्टे व जखमा होतात.

पावलातील सांधे व हाडे खिळखिळी होण्याच्या एका विकाराला फ्रेंच मज्जातज्ज्ञ शार्को यांचे नाव मिळाले आहे. यात पाऊल लाल, गरम व सुजलेले दिसते, परंतु सुजेच्या मानाने दुखत नाही. मुरगळले असेल या समजुतीने ते चोळले जाते, त्यावर लेप लावला जातो आणि रुग्ण चालतच राहतो. परिणामी काही आठवड्यांत पावलाची कमान खचते. मधुमेही व्यक्तीचा एक पाय अकारण गरम व सुजलेला असल्यास त्या पायावर भार न देता तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.

३. रक्तपुरवठ्यातील अडथळा

पायाच्या रोहिण्या कठीण व अरुंद झाल्या की जखमेपर्यंत प्राणवायू, रक्तातील संरक्षक पेशी आणि प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत. चालताना पोटऱ्यांत गोळे येणे व थांबल्यावर बरे वाटणे हे याचे नेहमीचे लक्षण होय. परंतु नसा बधिर असल्यास तेही जाणवत नाही. पाऊल थंड पडणे, त्वचा चकचकीत होणे, केस विरळ होणे आणि पावलावरची नाडी हाताला न लागणे या खुणा म्हणूनच तपासाव्या लागतात. विडी व सिगारेट हा या विकारातील सर्वांत प्रबळ आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगा घटक आहे. उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल यांची त्यात भर पडते.

४. अन्य घटक

मधुमेहाचा दीर्घ कालावधी व साखरेवरील सैल नियंत्रण हे घटक या सर्वांच्या मुळाशी आहेत. इंग्लंडमधील ‘यूकेपीडीएस’ या प्रसिद्ध अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. साखरेच्या काटेकोर नियंत्रणामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंत सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळले. पूर्वी झालेली जखम किंवा पूर्वी कापलेले बोट हा पुढील जखमेचा सर्वांत ठळक पूर्वसंकेत मानला जातो. मूत्रपिंडाचा विकार, विशेषतः डायलिसिसची अवस्था, धोका अनेक पटींनी वाढवते. दृष्टी अधू झालेल्या व्यक्तीला स्वतःचा तळवा दिसत नाही. स्थूल वा वृद्ध व्यक्तीचा हात तेथवर पोहोचत नाही. मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होऊ शकते. शाकाहारी व्यक्तींत ही शक्यता अधिक असते आणि त्यामुळेही नसांचा विकार बळावतो. ही कमतरता रक्ततपासणीने कळते व सहज भरून काढता येते.

परिसरातील जोखीम घटक

वर पाहिलेले घटक जगातील कोणत्याही मधुमेहीला लागू पडतात. बधिर पायाला इजा नेमकी कशाने होते, हे मात्र परिसर ठरवतो. पाश्चात्त्य देशांत न बसणारा बूट हे जखमेचे प्रमुख निमित्त मानले जाते. बारामती–इंदापूरच्या बागायती पट्ट्यात परिस्थिती वेगळी आहे.

ऊसशेतीत पाय सतत ओलाव्यात व चिखलात असतो. दारे धरण्याचे काम अनेकदा रात्री, विजेच्या वेळापत्रकानुसार करावे लागते आणि चिखलात चप्पल रुतते म्हणून ती बांधावर काढून ठेवली जाते. तोडणी झालेल्या फडातील उसाचे बुडखे टोकदार असतात, पाचटाच्या कडा धारदार असतात. सतत ओल्या राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या फटींतून जंतूंना प्रवेश मिळतो. गोठ्यातील शेणामुतात, धुण्याभांड्यांच्या पाण्यात दिवसाचे कित्येक तास उभ्या असणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडते. त्यांच्या पायांतील जोडवी सुजलेल्या बोटात रुतून बसली तर बोटाचा रक्तपुरवठा अडू शकतो. नियमित न काढल्याने त्यांखालील जखम लपून राहते. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून व अहिल्यानगर जिल्ह्यातून येणारे मजूर या जोखमीत सर्वाधिक उघडे पडतात. हंगामाच्या काळात त्यांचा वास्तव्याचा पत्ता, औषधे मिळण्याचे ठिकाण आणि तपासणीची नोंद या तिन्ही गोष्टी खंडित होतात.

भाजणे हे दुसरे मोठे निमित्त. मोटारसायकलच्या सायलेन्सरला लागलेला पाय, चैत्र-वैशाखात तापलेली देवळाची फरशी, थंडीत शेकोटीजवळ धरलेले तळवे आणि कढत पाण्याचा शेक यांपैकी कशाचाही चटका बधिर पायाला कळत नाही. जमिनीवर झोपणाऱ्या रुग्णाच्या बधिर बोटांना रात्री उंदीर कुरतडतात व सकाळी अंथरुणावरच्या रक्तामुळे ते लक्षात येते, असे प्रकार भारतीय वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत.

घरगुती उपचारांचा विचारही येथे करावा लागतो. कुरूप ब्लेडने कापणे, काटा सुईने किंवा बाभळीच्या काट्याने कोरून काढणे, भेगांत बिबा भरणे, जखमेवर चुना वा झाडपाला बांधणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. संवेदना शाबूत असलेल्या पायात वेदना हीच अशा उपचारांची मर्यादा ठरवते. फार लागले की हात थांबतो. बधिर पायात हात थांबवणारे काही उरत नाही. बिब्याचे तेल तर त्वचा जाळणारे आहे. म्हणून आजोबांना लागू पडलेला उपाय मधुमेही नातवाला घातक ठरू शकतो.

या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे आषाढी वारी. देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपूरला जाते. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही पायी वाटचाल पावसाळ्याच्या तोंडावर होते. वारकऱ्यांमध्ये मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींची संख्या मोठी असते आणि काही जण अनवाणी चालण्याचे व्रत पाळतात. चालणे हा मधुमेहावरचा उत्तम व्यायाम खरा; परंतु बधिर पायाने, भिजलेल्या चपलेत किंवा अनवाणी, दररोज पंधरा-वीस किलोमीटर चालणे ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्या दिवशी आलेला फोड न दुखल्याने तिसऱ्या दिवशी फुटतो आणि पुढचा प्रवास त्या उघड्या जखमेवर होतो. श्रद्धेला बाधा न आणताही येथे सावधगिरी शक्य आहे. मुक्कामावर पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून तळवे पाहणे, कोरडे मोजे जवळ ठेवणे, फोड दिसताच वाहनाचा आधार घेणे एवढे पथ्य पुरेसे असते.

विलंबाची साखळी

हे घटक एकमेकांत कसे गुंततात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, पंचावन्न वर्षांच्या एका ऊस उत्पादक शेतकऱ्याला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, पण साखर तपासणे वर्षातून एकदाच होते. चवड्याखाली घट्टा आहे, विडीची सवय आहे. दारे धरताना उसाचा बुडखा तळव्यात घुसतो. त्याला ते कळत नाही. दोन दिवसांनी मोज्याला डाग दिसतो. दुखत नसल्याने तो हळद लावून कामावर जातो. आठवड्याने पाय सुजतो. गावातच एखादे इंजेक्शन घेतले जाते. जखम वरून लहान दिसते, परंतु आत पू पायाच्या कप्प्यांतून पुढे सरकत असतो. तोडणीचा हंगाम ऐन भरात असल्यामुळे आणखी चार दिवस जातात. ताप येतो, बोट काळे पडते आणि मग तालुक्याच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयाची वाट धरली जाते. तेथे बोट कापले जाते. काही वेळा पाय.

या घटनाक्रमात सहा-सात ठिकाणी मार्ग बदलता आला असता. घट्टा वेळीच काढला असता, विडी सुटली असती, चिखलात गमबूट असते, रोज रात्री तळवा पाहिला असता किंवा पहिल्या दिवशी डॉक्टरांना दाखवले असते, तर शेवट निराळा झाला असता. ‘दुखत नाही’ या शब्दांनी मात्र प्रत्येक वळणावर निर्णय पुढे ढकलला. निरोगी माणसाच्या तोंडी हे शब्द दिलासा देणारे असले, तरी मधुमेही पायाच्या बाबतीत त्यांच्याइतकी धोक्याची दुसरी सूचना नाही. पाय गमावण्याचा अर्थही येथे केवळ शारीरिक नसतो. ज्याची उपजीविका बांधावर चालण्यावर अवलंबून आहे, त्याची शेती वाट्याने जाते, दवाखान्याच्या खर्चासाठी कर्ज होते आणि घरातील एका व्यक्तीचा, बहुधा स्त्रीचा, दिवस शुश्रूषेत जातो.

जोखीम ओळखण्याच्या पद्धती

दवाखान्यातील तपासणीत नायलॉनचा दहा ग्रॅम दाबाला वाकणारा धागा, १२८ हर्ट्‌झचा कंपनकाटा आणि पायाच्या नाड्यांची तपासणी यांचा वापर होतो. या साधनांअभावी कोणाचीही तपासणी अडू नये, यासाठी इंग्लंडमधील इप्सविच येथे विकसित झालेली व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली स्पर्श-चाचणी उपयुक्त आहे. तिला फक्त एक बोट लागते. रुग्णाला डोळे मिटून झोपवावे किंवा बसवावे. तपासणाऱ्याने तर्जनीने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक ते दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू नये, टिचकी मारू नये. स्पर्श कळताच रुग्णाने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असे सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाल्याचे मानून डॉक्टरांकडे पाठवावे.

मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने जोखमीचे चार स्तर मानले आहेत :

• स्तर शून्य : संवेदना व रक्तपुरवठा दोन्ही शाबूत. वर्षातून एकदा तपासणी.
• स्तर एक : संवेदना किंवा रक्तपुरवठा यांपैकी एक कमी. सहा ते बारा महिन्यांनी तपासणी.
• स्तर दोन : संवेदना कमी, रक्तपुरवठा कमी आणि पावलाची विकृती यांपैकी कोणतेही दोन घटक एकत्र. तीन ते सहा महिन्यांनी तपासणी.
• स्तर तीन : संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असून शिवाय पूर्वीची जखम, पूर्वी कापलेला अवयव अथवा मूत्रपिंडाचा अखेरचा टप्पा. एक ते तीन महिन्यांनी तपासणी.

या वर्गीकरणामुळे मर्यादित मनुष्यबळ असलेल्या आरोग्य केंद्रालाही आपले लक्ष नेमके कोणावर केंद्रित करावयाचे, हे ठरवता येते.

प्रतिबंधाचे उपाय

दररोज रात्री पुरेशा प्रकाशात दोन्ही तळवे, टाचा व बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसल्यास आरसा वापरावा किंवा घरच्यांनी पाहावे. पाय कोमट पाण्याने धुऊन बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. पाण्याची उष्णता पायाने न अजमावता कोपराने अजमावावी. टाचांना खोबरेल तेल वा मलम लावावे, परंतु बेचक्यांत लावू नये. नखे सरळ रेषेत कापावीत. घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल मागे पट्टा असलेली, मऊ तळाची व बोटांना मोकळी जागा देणारी असावी. आतील लांबी पावलापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर अधिक असावी. केवळ अंगठ्याच्या आधारावर राहणारी चप्पल बधिर पायातून निसटते आणि निसटल्याचे कळतही नाही. पादत्राणे घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकावीत व आत हात फिरवून पाहावा. घट्टा वा कुरूप स्वतः कापू नये. त्वचा फाटलेली, रंग बदललेला किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

संस्थात्मक पातळीवरील अनुभवही आशादायक आहेत. १९८९ मध्ये सेंट व्हिन्सेंट येथील जाहीरनाम्याद्वारे युरोपीय देशांनी मधुमेहामुळे होणाऱ्या पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. भारतात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे, चेन्नईचे डॉ. विजय विश्वनाथन यांच्या सहभागाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम राबवला गेला. डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना पायाच्या काळजीचे प्रशिक्षण देणे, हे त्याचे स्वरूप होते. महागड्या यंत्रांपेक्षा प्रशिक्षित हात अधिक पाय वाचवतात, हे त्यामागील सूत्र ग्रामीण भागासाठी विशेष महत्त्वाचे आहे.

शिफारशी

१. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती आशा कार्यकर्तीकडून प्रपत्रात भरली जाते. त्यात तळव्यांना येणाऱ्या मुंग्या व वारंवार होणाऱ्या जखमा यांविषयीचे प्रश्न मुख्यतः कुष्ठरोगाच्या शोधासाठी आहेत. ज्ञात मधुमेहींच्या बाबतीत याच प्रश्नांना स्पर्श-चाचणीची जोड द्यावी.
२. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत पादत्राणे काढून पाय पाहण्याची पद्धत रूढ व्हावी.
३. २०१९ मध्ये सुरू झालेले बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व परिसरातील उपजिल्हा रुग्णालये यांमध्ये ठरावीक वारी पायांची बाह्यरुग्ण तपासणी व्हावी. स्तर तीनच्या रुग्णांना तेथे थेट पाठवण्याची व्यवस्था असावी.
४. साखर कारखान्यांनी गाळप हंगामाच्या प्रारंभी तोडणी मजुरांची मधुमेह व पायांची तपासणी करावी आणि गमबुटांचा पुरवठा करावा.
५. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात स्वयंसेवकांना स्पर्श-चाचणी शिकवावी. वारी मार्गावरील गावांत वारकऱ्यांचे पाय दाबण्याची, त्यांना तेल लावण्याची सेवा परंपरेने चालते. प्रशिक्षित विद्यार्थी त्या सेवेत सहभागी झाल्यास जोखमीचे पाय मुक्कामावरच ओळखता येतील.
६. महाविद्यालयांनी कर्मचारी आरोग्य तपासणीत पायांच्या तपासणीचा समावेश करावा. दिवसाचे चार-पाच तास उभे राहून अध्यापन करणारा, चाळिशी ओलांडलेला प्राध्यापकवर्गही या जोखमीपासून दूर नाही.

समारोप

मधुमेहातील पायाची गुंतागुंत ही रोग, शरीर आणि परिसर यांच्या संयोगातून घडते. साखरेचे नियंत्रण हा तिच्या प्रतिबंधाचा पाया आहे. परंतु केवळ प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबल्यास बधिर झालेला तळवा नजरेआड राहतो. बागायती पट्ट्यात पाण्याने संपन्नता आणली, त्याच पाण्यात दिवसभर उभे राहणाऱ्या पायांची निगा हा आता सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान उपलब्ध आहे, चाचणीला खर्च नाही आणि ती करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. आरोग्य कार्यकर्ते, शिक्षक, विद्यार्थी व कुटुंबीय यांनी दुखण्याची वाट न पाहता पाय पाहण्याची सवय लावली, तर आज कापले जाणारे अनेक पाय उद्या बांधावरून आणि पंढरीच्या वाटेवरून चालताना दिसतील.